पक्षीफलक, आंजर्ले: एक्स्पोजर आणि नॉइजच्या नोंदी

१ डिसेंबर २०२४, रविवार, अमावास्या

वाचनालयाच्या भिंतीवर आंजर्ले-हर्णै पट्ट्यातल्या किनारी पक्ष्यांचा फलक लावायचं गणपतीत ठरलं होतं. आठ पक्षी, प्रत्येकाचा फोटो तीन फूट रुंद, खाली नाव आणि कुठल्या महिन्यांत दिसतो ते. गावातल्यांनी आणि मुंबईकर चाकरमान्यांनी गेल्या काही हिवाळ्यांतले फोटो पाठवले होते. आज सगळे संगणकावर मोठे करून पाहिले. फोनवर झकास दिसणारे फोटो तीन फुटांच्या मापात आणले की कुरवाच्या (सीगलच्या) राखाडी पाठीवर रवा सांडल्यासारखा नॉइज, म्हणजे दाणेदारपणा, दिसतो. चिखल्याच्या (काठावरच्या छोट्या पक्ष्याच्या) पोटाखालच्या सावलीत तर जांभळे-हिरवे ठिपके.

फाइलींमधली माहिती उघडून पाहिली तर बहुतेकांचं दुखणं एकच निघालं. आयएसओ (कॅमेऱ्यातली फोटो उजळवायची पातळी) २०० नाहीतर ४००, आणि फोटो दीड-दोन स्टॉप काळा. एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा. ‘आयएसओ वाढवला की नॉइज येतो’ हे प्रत्येकाने कुठूनतरी ऐकलेलं असतं. मग आयएसओ दाबून ठेवायचा आणि घरी आल्यावर लाइटरूम या सॉफ्टवेअरमध्ये एक्स्पोजर (उजळपणा) वर ओढायचं. टाळायला गेले तोच नॉइज तिथे हात जोडून उभा असतो.

तेव्हा नव्याने काढायचे ठरलं. माझा निकॉन डी५०० कॅमेरा आणि २००-५०० मिमीची एफ ५.६ लेन्स. भाच्याकडे दादाचा जुना कॅमेरा, दहा-बारा वर्षांपूर्वीचा. दोन्हींवर रॉ, म्हणजे कॅमेऱ्याने न सजवलेली मूळ फाइल. थंडीतले पाहुणे मार्चपर्यंतच असतात, त्यामुळे मुदतही तीच.

एक गोष्ट आमच्या बाजूची आहे. किनारा पश्चिमेला, म्हणजे सकाळी माडांकडे पाठ करून उभं राहिलं की ऊन थेट पक्ष्यावर पडतं. फक्त डोंगर आणि माड ओलांडून ते वाळूवर उतरायला आठ वाजतात. संध्याकाळी सगळं उलटं, सूर्य पक्ष्याच्या मागे.

७ डिसेंबर २०२४

किनाऱ्यावर जायच्या आधी ओटीवरच चाचणी. दोरीवर पांढरा पंचा, राखाडी घोंगडी आणि काळी छत्री शेजारी शेजारी टांगली. कुरवाचं पोट, पाठ आणि पंखांची टोकं समजा. कॅमेरा तिपाईवर, भोक (लेन्सचं, प्रकाश आत घेणारं) एफ ५.६ कायम.

पहिला फोटो शटर १/२००० सेकंद आणि आयएसओ ४००. तीन स्टॉप काळा आला, तसाच हवा होता. दुसरा १/२००० वरच, पण आयएसओ ३२००. तिसरा आयएसओ ४०० वर, पण १/२५०. दुसरा आणि तिसरा दिसायला सारखेच उजळ. पहिला लाइटरूममध्ये तीन स्टॉप वर ओढून बाकीच्या दोघांच्या बरोबरीला आणला.

डी५०० वर पहिल्या दोघांत फरक शोधावा लागतो. छत्रीच्या घड्यांत दुसरा किंचित स्वच्छ, बस. भाच्याच्या कॅमेऱ्यावर मात्र ओढून वर आणलेल्या फोटोत छत्रीवर आडव्या पट्ट्या आणि जांभळट डाग, आणि आयएसओ ३२०० चा थेट फोटो त्याहून कितीतरी बरा. तिसरा फोटो दोन्ही कॅमेऱ्यांवर बाकीच्यांच्या मैलभर पुढे.

भाचा म्हणाला, “आत्या, म्हणजे आयएसओचा दोषच नाही?”

“सेन्सरवर प्रकाश किती पडला ते बघ. पहिल्या दोन्ही फोटोंत सारखाच पडला. तिसऱ्यात आठपट.”

त्याला आकडे आवडतात म्हणून वहीच्या पाठीमागे मांडून दाखवलं. प्रकाश कणाकणांनी येतो आणि ते कण एकसारख्या गतीने येत नाहीत. एका ठिपक्यावर सरासरी १०० कण पडत असतील तर चढउतार १० च्या आसपास, म्हणजे दहा टक्के. १०,००० कण पडले तर चढउतार १०० चा, म्हणजे एकच टक्का. आपल्याला जो नॉइज दिसतो त्यातला मोठा भाग हा चढउतारच असतो. प्रकाश आठपट झाला की चित्र नॉइजच्या तुलनेत सुमारे २.८ पट वरचढ होतं. आयएसओचं काम या सगळ्यानंतरचं, गुणाकाराचं. मिळालेल्या कणांत तो भर घालत नाही. जुन्या कॅमेऱ्यांत या गुणाकारानंतरही यंत्राचा स्वतःचा नॉइज बराच मिसळतो, म्हणून तिथे आधीच गुणून घेतलेलं बरं, नंतर ओढलेलं वाईट. नव्या सेन्सरवर हा फरक फार उरत नाही.

यातून कामाचा क्रम ठरवला. आधी शटर पक्षी सोसेल इतकं हळू, भोक लेन्स देईल तेवढं मोठं, आणि मग आयएसओ पांढरा उडायच्या (तपशील जाऊन नुसता कोरा होण्याच्या) अलीकडे येईपर्यंत वर. आयएसओला वरची मर्यादा घालायची नाही.

१५ डिसेंबर २०२४, रविवार, पौर्णिमा

आज कुरव. भरतीची वेळ तांडेलमामांच्या हिशेबाने: तिथीची पाऊणपट. पौर्णिमेची पंधरा, तिची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकराच्या सुमारास पूर्ण भरती. उधाणाचं पाणी सकाळभर चढत येतं आणि कुरवांचा थवा हळूहळू आपल्याकडे सरकतो. ऊन पाठीशी, पक्षी समोर. किनारी पक्ष्यांच्या फोटोला महिन्यातले हे दोन उधाणांचे दिवस सोन्याचे. अष्टमीच्या आसपास भांगात (लहान भरती-ओहोटीच्या दिवसांत) पाणी सकाळी उतरत असतं आणि पक्षी दूर चिखलावर पांगलेले.

सव्वाआठला ऊन वाळूवर आलं. तपकिरी डोक्याचे कुरव सर्वांत जास्त, त्यांत काही काळ्या डोक्याचे. (थंडीत दोघांचंही डोकं पांढरंच, डोळ्यामागे एक डाग तेवढा. नवख्यांचा इथेच गोंधळ होतो.) मागे एकटा मोठा, जाड चोचीचा पलासचा कुरव.

कॅमेऱ्याचा उजेड मोजणारा मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी असल्यासारखं वागतो. चौकटभर पांढरे कुरव आले की तो फोटो काळा करतो. तोच एक कुरव उडून सुरूच्या झाडांच्या काळपट हिरव्या रांगेसमोर गेला की मीटर उजळवतो आणि पिसं उडतात. ऊन मात्र त्या कुरवावर दोन्हीकडे सारखंच. म्हणून मॅन्युअल, सगळे आकडे हाताने. उन्हात उभा असलेला सर्वांत पांढरा पक्षी धरला आणि छातीवर लुकलुक (पांढरा उडाल्याचा पडद्यावरचा इशारा) सुरू होईपर्यंत एक्स्पोजर वाढवलं. सुरू झाली, एक तृतीयांश स्टॉप मागे आलो. आकडा आला एफ ६.३, १/२५००, आयएसओ ४००. मग मागे वाळू असो, पाणी असो की आभाळ, चाकाला हात लावायचा नाही. ढग आला तरच पुन्हा मोजायचं.

भाचा पडद्यावरचा फोटो पाहून एक्स्पोजर ठरवत होता. उन्हात तो पडदा फसवतो, अंधारात तर दुप्पट. हिस्टोग्राम (गडद डावीकडे, उजळ उजवीकडे असा उजेडाचा आलेख) बघायचा, त्यातही लाल-हिरवा-निळा वेगळे दाखवणारा. आणि तो हिस्टोग्राम रॉचा नसतो, कॅमेऱ्याने आतल्या आत बनवलेल्या जेपेगचा असतो. ‘व्हिविड’ ही भडक रंगशैली लावलेली असेल तर पांढरा खरोखर उडायच्या बराच आधी लुकलुक सुरू होते आणि माणूस घाबरून फोटो काळा करत जातो. म्हणून दोन्ही कॅमेरे ‘फ्लॅट’ किंवा त्याच्या जवळच्या सपाट शैलीवर टाकले. पडद्यावर फोटो मळकट दिसतो, पण हिस्टोग्राम रॉच्या जवळ येतो. तरीही रॉमध्ये लुकलुकीच्या पुढे अर्धा-पाऊण स्टॉप जागा शिल्लक असते. ती मी पांढऱ्या पक्ष्यासाठी वापरत नाही. पिसांतल्या बारीक रेषा एकदा गेल्या की कुठलीही पट्टी ओढून परत येत नाहीत.

एक्स्पोजर उडायच्या काठापर्यंत वाढवून हिस्टोग्राम उजवीकडे ढकलायच्या या पद्धतीचं समर्थन बरेच जण पायऱ्यांच्या हिशेबाने करतात: १४ बिटात उजेडाच्या १६,३८४ पायऱ्या, त्यांतल्या निम्म्या सर्वांत उजळ स्टॉपमध्ये. हिशेब बरोबर आहे, पण फोटोत जे सुधारतं ते पायऱ्यांमुळे क्वचितच. सुधारतं ते जास्त प्रकाश गोळा झाल्यामुळे. म्हणूनच नुसता आयएसओ वाढवून हिस्टोग्राम उजवीकडे नेला, तर शटर हळू करून नेल्याइतका फायदा होत नाही.

राखाडी पाठ आज मोठी करून पाहिली. गुळगुळीत. सावलीतलं पोटही स्वच्छ, कारण ओल्या वाळूवरून परतलेला उजेड खालून मिळतो. कोरड्या वाळूपेक्षा ओल्या काठावर थांबायचं हे एक जादा कारण.

२२ डिसेंबर २०२४

भांग. पहाटेच भरती होऊन गेलेली, पाणी उतरतंय. जोग नदीच्या खाडीत मामांच्या होडीने, कांदळवनाच्या कडेकडेने. हवा होता काळ्या टोपीचा खंड्या. चिखल उघडा पडायला लागला की तो तिवराच्या खालच्या फांदीवर येऊन बसतो.

बसला, पण दाट सावलीत. १/१००० ला आयएसओ ५००० दाखवत होता. भाच्याने कॅमेरा खाली घेतला. “पाच हजार? राहू दे, उन्हात येईल तेव्हा काढू.”

“तो उन्हात येईपर्यंत घरी जेवणं होतील. काढ.”

सावलीत बसलेल्या पक्ष्याला १/१००० लागत नाही. खात्रीचे काही फोटो त्यावर घेतले आणि मग शटर उतरवत गेले: १/५००, १/२५०, १/१२५. दर पायरीला प्रकाश दुप्पट, आयएसओ निम्मा. १/१२५ ला आयएसओ ६४० वर आला. अडचण होडीची. मामांना म्हटलं, जरा नाळ (होडीचं पुढचं टोक) चिखलाला टेकवता का?

“टेकवतो, पण फोटू पटपट काढ गो. पाणी उतरलं तर दुपारपर्यंत हितंच बसायचंस, खंड्यासंगती.”

त्यांनी बांबू चिखलात रोवून होडी धरली. मी तांदूळ भरलेली पिशवी काठावर ठेवून लेन्स तिच्यात दाबली, लेन्सचं स्थिरीकरण चालू, आणि एकेक न काढता आठ-दहाच्या झडी. हळू शटरला हाच उपाय. खंड्या मान झटकतो, मग क्षणभर दगडासारखा थांबतो, पुन्हा झटकतो. झडीतले बरेच फोटो हलतात, पण त्या थांबलेल्या क्षणातला एखादा खणखणीत येतो. आपल्याला एकच लागतो.

एक्स्पोजर इथे मीटरपेक्षा पाऊण स्टॉप वर. पांढरी कॉलर सावलीत असल्याने उडायची भीती नव्हती. नजर ठेवावी लागली निळ्यावर. पाठीचा गडद निळा वेगळ्या हिस्टोग्राममध्ये बाकीच्या दोघांच्या कितीतरी पुढे जातो. एकत्र हिस्टोग्रामवर विसंबलं असतं तर पाठ एकसलग निळा ठिपका झाली असती.

रात्री १/१००० आणि १/१२५ शेजारी लावून पाहिले. काळ्या टोपीत पिसं दिसतायत ती फक्त दुसऱ्यात. तरी पहिला आयएसओ ५००० असूनही वापरण्याजोगा आहे, कारण तो उजळ काढलाय. खंड्या मिनिटभरात उडाला असता तर तोच फलकावर लावला असता, आणि कोणी नाव ठेवलं नसतं.

२८ डिसेंबर २०२४

हर्णै बंदर, संध्याकाळ. लिलावाची गर्दी, त्यात वर्षअखेरीचे पर्यटक. माशांच्या आशेने घारी आणि कुरव होड्यांवर घिरट्या घालत होते. आम्हाला ब्राह्मणी घार हवी होती, उडताना, पंख पसरलेली.

एक खलाशी म्हणाला, “ताई, त्या पाखरांचे काय काढतेस, आमच्या सुरमईचा काढ की!” काढला. मग त्याने आम्हाला त्याच्या होडीच्या नाळेवर उभं राहू दिलं. बाकी सगळे वाळूवर गर्दीत आणि आमच्यासमोर मोकळं पाणी, त्यामुळे हा सौदा फायद्याचा.

इथे ऊन पक्ष्याच्या मागून येतं. घारीचं डोकं-छाती पांढरी, बाकी अंग विटकरी. मागे उजळ आभाळ असलं की मीटर सगळं काळं करतो आणि विटकरी अंगाचा कोळसा होतो. उजेड दर मिनिटाला उतरत असल्याने शटर आणि भोक मी धरून ठेवलं, आयएसओ कॅमेऱ्यावर सोडला आणि भरपाई (मीटरच्या आकड्यात हाताने केलेली वाढ-घट) आभाळापुढे अधिक दीड ते दोन स्टॉप. सुवर्णदुर्गाच्या काळ्या तटासमोरून घार गेली की भरपाई शून्याखाली, नाहीतर पांढरं डोकं गेलंच. अंगठा सतत चाकावर.

आभाळ उडालं. उडू दिलं. आपल्याला घारीचा फोटो हवाय, सूर्यास्ताचा नाही. पर्यटकांच्या फोनमध्ये सूर्यास्त होताच. एक्स्पोजर ठरवताना मी पक्ष्याच्या अंगावरची उजळ जागा बघते, चौकटीतली नाही. लुकलुक आभाळात झाली तर काणाडोळा, घारीच्या डोक्यावर झाली तर मागे. सोनेरी उन्हात विटकरी पंखांवर लालचा हिस्टोग्राम लवकर भिंतीला टेकतो, तेवढा सांभाळायचा.

उडत्या घारीला १/१२५० च्या खाली जाववत नाही. वळताना ती क्षणभर तरंगते तेव्हा १/८०० चालतं. सूर्य टेकताना आयएसओ १६०० होता, पंधरा-वीस मिनिटांत ६४०० च्या पुढे गेला. ६४०० ला घेतलेले फोटो पाहिले. उजळ काढलेल्यांत नॉइज आहे, पण बारीक आणि एकसारखा, छपाईत विरघळून जाईल असा. भाच्याने जुन्या सवयीने १६०० वर रोखून धरलेले दोन स्टॉप काळे फोटो उजळवल्यावर पंखांखाली पट्ट्या आल्या. त्याने काही न बोलता मर्यादा काढून टाकली.

१३ जानेवारी २०२५, सोमवार, भोगी

पुन्हा पौर्णिमा, पुन्हा सव्वाअकराचं पाणी. वैनीने तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी डब्यात दिली. ती वाळूवर बसून खाल्ली, वाळूसकट.

आजचा धडा अंतराचा, आणि माझ्या मते साऱ्या प्रकल्पातला सर्वांत मोलाचा. फलकाच्या तीन फुटांसाठी हिशेब असा: डी५०० ची फाइल ५५६८ बाय ३७१२ पिक्सेल. तीन फूट म्हणजे ३६ इंच, म्हणजे इंचाला १५४ पिक्सेल. भिंतीवरच्या फलकाला भरपूर. पक्षी दूर असल्याने क्रॉप करून (कडा कापून) रुंदी निम्मी केली की ७७ उरतात, आणि नॉइजचा प्रत्येक दाणा दुप्पट मोठा छापला जातो. लोक म्हणतात, कॅमेरा नॉइज देतो. पुष्कळदा क्रॉप देतो.

त्याच लेन्सने, त्याच एफ ५.६ वर, चाळीस मीटरवरच्या चिखल्याऐवजी वीस मीटरवरचा चिखल्या काढला की सेन्सरवर त्याची प्रतिमा लांबी-रुंदीत दुप्पट, क्षेत्रफळात चौपट. त्या पक्ष्याकडून आलेला चौपट प्रकाश आपण गोळा केला. तीन फुटांत छापल्यावर नॉइजचा फरक दोन स्टॉपचा. पुष्कळ पैसे घालून लेन्स बदलली तरी सहसा एक स्टॉप मिळतो.

पण जवळ जायचं म्हणजे चालत जायचं नाही. भरतीला काठावर जमलेले चिखल्ये विसावत असतात. उडवले की त्यांची शिदोरी फुकट जाते. इथून उन्हाळ्यात त्यांना हिमालयापार जायचं असतं. आम्ही नऊच्या आधी ओल्या काठाच्या वर पालथे पडून राहिलो, लेन्स जमिनीलगत, हालचाल बंद. पाणी चढलं तसे तेच सरकत आले. आधी लगबगीने लाटेमागे धावणारे सँडरलिंग, मग चिखल्ये. शेवटी एक चिखल्या इतका जवळ आला की लेन्सला फोकस जमेना. भाच्याच्या कोपरांवर खेकडे चढत होते, तरी पठ्ठ्या हलला नाही.

जमिनीलगतचा आणखी एक फायदा: पार्श्वभूमी दूर जाते आणि मऊ होते. नॉइज सर्वांत आधी दिसतो तो असल्या सपाट, मऊ जागांत, म्हणून काळी पार्श्वभूमी टाळली. उजळ ओली वाळू आणि फेस मागे घेतला की नॉइज लपतो. लपतो हाही शब्द बरोबर नाही, तिथे तो कमीच असतो.

थव्यात एक ऑयस्टरकॅचर, काळा-पांढरा, लांब लाल चोच. एक्स्पोजरची परीक्षा घ्यायला याच्यासारखा पक्षी नाही. पोट उडू द्यायचं नाही आणि काळ्या डोक्यातला लाल डोळाही दिसला पाहिजे. पांढऱ्यावर बेतलं आणि काळं नंतर सावलीच्या पट्टीने थोडं उचललं. डी५०० च्या कमी आयएसओवर एवढं उचलणं निभतं. असल्या टोकाच्या प्रकाशात आयएसओ मुद्दाम एक स्टॉप खाली ठेवला तरी नव्या सेन्सरवर फार बिघडत नाही, पांढरा वाचतो. भाच्याच्या कॅमेऱ्यावर ही मुभा नाही. त्याने उन्हाकडे पाठ केलेला, सपाट प्रकाशातला क्षण निवडला. तेही बरोबर.

१९ जानेवारी २०२५

दिवसभर संगणक.

उजवीकडे ढकलून काढलेले फोटो उघडल्यावर फिके दिसतात. एक्स्पोजर खाली आणलं की नॉइज आणखी दबतो, हे या पद्धतीचं बक्षीस. पण किती खाली आणायचं ते अंदाजपंचे नको. मोठ्या कुरवांत पाठीचा राखाडी किती गडद यावर ओळख अवलंबून असते. ह्युग्लिनचा कुरव फिका केला की जाणकार त्याला दुसरंच काही समजतील. म्हणून फलकावरच्या प्रत्येक कुरवासाठी त्याच सकाळच्या, त्याच उन्हातल्या ओळखीच्या पक्ष्याशी पाठ जुळवून पाहिली.

शार्पनिंग (कडा टोकदार करणं) मास्क लावूनच, फक्त पक्ष्यापुरतं. सगळ्या चौकटीला लावलं तर पाण्यातले आणि आभाळातले दाणेच टोकदार होतात.

आता लाइटरूमचं नॉइज काढणारं एआय डीनॉइज. २०२३ मध्ये आल्यापासून लोक म्हणतात, एक्स्पोजरची चिंता सोडा. तीन फोटोंवर चालवून पाहिलं. उजळ काढलेल्या आयएसओ ६४०० च्या घारीवर अप्रतिम. सावलीतल्या खंड्यावर गरजच नव्हती. एका जुन्या, दोन स्टॉप काळ्या फाइलीतल्या चिखल्यावर मात्र त्याने छातीवर पिसांची अशी काही नक्षी काढली की ती पक्ष्याची नाही, सॉफ्टवेअरची आहे. जिथे माहिती पोचलीच नाही तिथे ते अंदाज लावतं. फोटो भिंतीवर शोभेला लावायचा असता तर हरकत नव्हती. आमच्या फलकावरून शाळेची पोरं पक्षी ओळखणार आहेत. छोट्या चिखल्याच्या आता दोन वेगळ्या जाती मानतात आणि त्यांच्यातला फरक किती बारीक आहे ते पाहता बनावट पिसं नकोतच. ठरलं: डीनॉइज वापरायचं तर निम्म्याच्या खाली, आणि ओळखीच्या खुणांवर अजिबात नाही.

९ फेब्रुवारी २०२५

हवा बदलली. समुद्रावर पांढुरकी वाफ. लाइटरूमची डीहेझ पट्टी चालवली की धूसरपणा जातो आणि नॉइज वर येतो. दोन्ही एकाच फाइलीतून निघतात, इलाज नाही. दहानंतर वाळूवरची हवा थरथरते, लांबचा पक्षी पाण्यात पाहिल्यासारखा येतो. त्याला काही जण नॉइज समजतात. आयएसओ १०० वरही ते तसंच येणार. उपाय तोच, सकाळी लवकर आणि जवळून.

कासवांच्या घरट्यांची जाळी ओलांडायची नाही, हे भाच्याच्या मित्रांना पुन्हा सांगितलं.

१ मार्च २०२५

छपाईचा नमुना आला. तालुक्याच्या गावातल्या छपाईवाल्याकडून. कुरव बरे, खंड्याचं काळं सगळं एक झालेलं. पडदा उजळ ठेवून फोटो ठीक केले की छपाई काळी वाटते हे ठाऊक असल्याने मी पडदा अर्ध्याच्या खाली ठेवला होता, तरी यांच्या यंत्राने आणखी गडद छापलं. मालक म्हणाले, “आमच्याकडे लग्नाचे फोटो असेच छापतात, कुणाची तक्रार नाय.” नवऱ्याच्या कोटात पिसं नसतात, हे मी मनातच ठेवलं.

वाद न घालता एकाच खंड्याच्या पाच पट्ट्या छापून घेतल्या, प्रत्येकीत मधले रंग थोडे थोडे उजळत. तिसरी जमली. तेवढीच वाढ सगळ्या फाइलींना. मूळ फोटो स्वच्छ असल्याने ही वाढ सोसली. काळ्या फाइली असत्या तर इथे पुन्हा ठिपके वर आले असते.

नॉइज पाहायला फलकाजवळ नाक नेलं तर घारीच्या आभाळात थोडे दाणे आहेत. चार पावलं मागे गेलं की काही नाही. वाचनालयात खुर्च्या त्याहून लांब आहेत.

८ मार्च २०२५

सात फोटो नक्की. कुरव दोन, चिखल्या, सँडरलिंग, ऑयस्टरकॅचर, खंड्या, घार. आठवी चौकट समुद्रगरुडाची. त्याचे भाच्याने लांबून काढलेले आहेत, पण पक्षी चौकटीच्या दहाव्या हिस्स्याएवढा, आणि क्रॉप केला की काय होतं ते वर लिहिलंच आहे. घरटं कुठल्या झाडावर आहे ते गावाला माहीत आहे. तिथे पिल्लाच्या दिवसांत कॅमेरा घेऊन जायचं नाही, असं आमचं ठरलंय. त्या चौकटीत समुद्री बगळा टाकायचा. काळा आणि पांढरा दोन्ही रूपांतले शेजारी शेजारी उभे असे जानेवारीतल्या फायलींत आहेत. एक्स्पोजर पांढऱ्यावर बेतलेलं, काळ्यात अर्धा स्टॉप उचलायला जागा आहे. शिमग्याच्या आधी फाइली छपाईला.